फळ्यावरची शेती

दुय्यम शाळांतून शेतकीचें शास्त्र शिकवावें, असें कोणापुढेंही म्हणा; तो मान डोलावल्यावांचून राहणार नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत प्राथमिक शाळांतच शेतकीचें सामान्य ज्ञान द्यावें अशी मागणी केली होती. मागणी सर्वांस मान्य. तरीही मातीस हात न लावतां मातीचे प्रकार पाठ करण्याचा प्रघात चालूच आहे! यास आम्ही शास्त्र म्हणत नाहीं. हें पाठांतर होय.

यावर पहिला आक्षेप असा कीं, शेतकऱ्याचा मुलगा हें सारें घरींच शिकतो. नांगर धरणें, वाफे बांधणें तो घरीं शिकतो खरा, आणि तें ज्ञान आम्ही हलकें लेखीत नाहीं. परंतु २०२० च्या खरिपांत सोयाबीनचें बियाणें उगवलें नाहीं म्हणून ठिकठिकाणीं ओरड झाली. शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून त्यांतील किती अंकुरतात, हें पेरणीपूर्वीं किती घरांत पाहिलें गेलें होतें? या चाचणीनें विक्रेत्याचा दोष धुतला जात नाहीं, पण घरचा तोटा टळतो. आणि ती आठवींतील मुलास सहज करतां येते. युरियाच्या ४५ किलोंच्या गोणींत शेंकडा ४६ प्रमाणें २०.७ किलो नत्र, हें त्रैराशिक. गुंठाभर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारें १०१ लिटर पाणी, हें क्षेत्रमापन. हरभऱ्याच्या मुळावरची गांठ कापून आंतील गुलाबी रंग पाहणें, हें जीवशास्त्र. मग शेतीचा तास गणित व शास्त्र यांचा वेळ खातो, असें कोणत्या तोंडानें म्हणावयाचें?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शहरच्या मुलानें डॉक्टर व्हावें आणि खेड्यांतल्यानें खुरपेंच धरावें काय, असें पालक विचारतात. हें भय निराधार नाहीं. मद्रास राज्यांत १९५३ सालीं शाळेचे तास कमी करून मुलांस उरलेल्या वेळांत बापाचा धंदा शिकविण्याची योजना निघाली. जातिधंद्यास जखडणारी म्हणून लोकांनीं तिला कडवा विरोध केला, व १९५४ सालीं ती मागें घ्यावी लागली. तें योग्यच झालें. म्हणूनच आमचें म्हणणें असें कीं, हा विषय भाषा व गणित यांच्या ऐवजीं नव्हे, तर त्यांच्या बरोबरीनें, आणि शहर-खेडें, मुलगा-मुलगी असा भेद न करतां सर्वांस शिकवावा. पुणें जिल्ह्यांत पाबळ येथें डॉ. कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम स्थापून हातांनीं काम करतां करतां शास्त्र शिकवितां येतें हें दाखवून दिलें. तेव्हां हें अशक्य आहे, ही सबबही उरत नाहीं.

असो. नवें पुस्तक छापण्यापूर्वीं शिक्षणखात्यानें दोनच गोष्टी कराव्या: प्रत्येक शाळेस निदान एक गुंठा जमीन, आणि जेथें ती नाहीं तेथें कुंड्या मिळवून द्याव्या, व या विषयाचे निम्मे गुण वर्गांत न देतां वाफ्याशीं उभें राहून द्यावे. परीक्षा वाफ्यावर गेली कीं शिकवणेंही तिच्या मागोमाग तेथें जाईल.