चपलेचं पार्सल दिसतं, तिच्या किटचं काय?



२००९ साली अमेरिकेतल्या डेट्रॉईटमध्ये पोलिसांच्या गोदामात बलात्कार तपासणीची ११ हजारांहून जास्त किट धूळ खात पडलेली सापडली. पुढे ती तपासली, तेव्हा एकापेक्षा जास्त गुन्ह्यांशी जोडलेले शेकडो संशयित निघाले. आधीचं किट वेळेत तपासलं असतं, तर नंतरच्या कितीतरी जणी वाचल्या असत्या.

पण हा अर्धाच हिशेब झाला. त्या बाईचं काय? अत्याचारानंतर अंघोळही न करता ती दवाखान्यात येते. अंगावरचे कपडे काढून देते. नखांखालचे, तोंडातले, गुप्तांगाचे स्वॅब घेतात, जखमा मोजतात. तासन्‌तास चालतं हे. ती सोसते, कारण याचा उपयोग होईल असा तिला भरवसा असतो. आणि मग वर्षानुवर्षं कुणी चकार शब्द कळवत नाही! फोन वाजला की छातीत धडधड, रात्रीची झोप गेलेली, मनात एकच, 'यांनी माझ्यावर विश्वास ठेवलाच नाही.' गप्प बसले असते तर बरं, असं तिला वाटायला लावणं हा दुसरा अत्याचारच.

'अमेरिकेचं आम्हाला काय?' असं म्हणाल. मग आपलं बघा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत डॉक्टरला अहवाल पाठवायला ७ दिवस, पोलिसांना तपासाला २ महिने, पीडितेला प्रगती कळवायला ९० दिवस अशी मुदत आहे. प्रयोगशाळेला? काहीच नाही. साखळीतली नेमकी हीच कडी मोकळी.

'स्टाफ कमी आहे' हे ठरलेलं उत्तर. लॅबमधल्या माणसांवर राग नाही, पण रिकाम्या जागा भरणं सरकारचंच काम ना? डेट्रॉईट ज्या मिशिगन राज्यात आहे, तिथं आता किट कुठं पोचलं ते पीडितेला स्वतः ऑनलाइन पाहता येतं. आपल्याकडे तीनशे रुपयांच्या चपलेचं पार्सल मोबाइलवर दिसतं, तिचं किट मात्र दिसत नाही.

आणि हो, रिपोर्ट आला नाही म्हणजे ती खोटी, असं पारावर बसून ठरवू नका. विश्वासार्ह असेल तर तिची एकटीची साक्षही शिक्षेला पुरते, हे सुप्रीम कोर्टाने अनेकदा सांगितलंय.

आमदार गावात आले की रस्त्याबरोबर हेही विचारा: लॅबला मुदत कधी? तिला ट्रॅकिंग नंबर कधी?

कमेंटमध्ये कुणाचं नाव-गाव टाकू नका. पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे.