क्लेम रिजेक्ट झाला, पुढे काय?

आपण आयटीवाले मेडिक्लेमच्या बाबतीत जरा निवांतच असतो. कंपनीची पॉलिसी आहे, त्यात आई-बाबांची नावं घातलीयत, झालं! बाबांना पक्षाघाताचा झटका आला तर हॉस्पिटलचं बिल निघतंही. पण पेशंट घरी आला की खरा खर्च सुरू होतो. दिवसाची मावशी, रात्रीचा अटेंडंट, फिजिओ, ड्रेसिंगला येणारी नर्स. हा क्लेम टाकला की उत्तर येतं, 'पॉलिसीत बसत नाही.'

यावर बहुतेक जण चार शिव्या हासडून गप्प बसतात. माझ्या मते गप्प बसू नये, पण आंधळेपणाने भांडूही नये. आधी स्पेसिफिकेशन वाचावं.

आयआरडीएआयने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातून काय वगळायचं त्याची ठरावीक भाषा आखून दिली. त्यात कोड ०५ बघा. आंघोळ, कपडे घालणं, हिंडणं-फिरणं यासाठी लागणारी मदत यात वगळलेली आहे. ती घरी असो वा नर्सिंग होममध्ये, आणि करणारी नर्स शिकलेली असली तरी. म्हणजे मावशीच्या पगारासाठी अपील करून उपयोग नाही. तो बग नाही, डिझाइनच तसं आहे.

पण शिरेतून दिलेलं अँटिबायोटिक हा उपचार आहे. पेशंटला हलवणं शक्य नव्हतं किंवा हॉस्पिटलात जागाच नव्हती म्हणून तो घरी झाला असेल, तर बऱ्याच पॉलिसींत त्यासाठी 'डोमिसिलियरी'चं कलम असतं. सगळं एकाच बिलात कोंबलं की ते सरसकट 'शुश्रूषा' म्हणून उडवणं सोपं जातं. तेव्हा बिलं वेगळी घ्या, आणि उपचार घरीच का करावे लागले हे डॉक्टरांकडून लेखी घ्या.

मग लढा. २०२४ च्या परिपत्रकानुसार क्लेम नाकारताना पॉलिसीतली नेमकी अट दाखवणं कंपनीला बंधनकारक आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. त्यांचं पुण्यातलं कार्यालय नारायण पेठेत आहे. फी नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. मात्र नकारापासून वर्षभराच्या आत जायला हवं. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला पटला नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता खुला आहेच.

हे सगळं जमलं तरी मावशीचा पगार खिशातूनच जाणार. जर्मनीत १९९५ पासून आणि जपानमध्ये २००० पासून दीर्घकालीन शुश्रूषेसाठी वेगळा सामाजिक विमा आहे. माणसाला रोज किती मदत लागते ते तपासून श्रेणी ठरते, आणि श्रेणी कमी दिली म्हणून अपील करता येतं! आपल्याकडे सत्तरीपुढच्या सगळ्यांना २०२४ पासून आयुष्मानचं ५ लाखांचं संरक्षण मिळालं, पण तेही हॉस्पिटलातल्या उपचारांसाठी. थोडक्यात, अपिलाची खिडकी आहे, पण शुश्रूषेचा हक्कच कुठे लिहिलेला नाही. मग घरातली सून किंवा मुलगी नोकरी सोडते, आणि तो खर्च कुठल्याच बिलात दिसत नाही.

सरकार करेल तेव्हा करेल. पण ग्रुप पॉलिसीच्या अटी कंपनी दर वर्षी घासाघीस करून ठरवते. पुढच्या रिन्यूअलला एचआरने विचारलं, तर जिमच्या सवलतीऐवजी हे कलम मागून बघा.