निब मोडल्यानंतर

फाशीची शिक्षा लिहून झाली की न्यायाधीश त्या पेनाचे निब मोडून टाकतात, असा आपल्याकडे जुना प्रघात आहे. लहानपणी हिंदी सिनेमात हे पाहिले तेव्हा त्यात नाट्यच जास्त वाटले होते. पुढे बँकेत लागलो, दिवसाला शंभर ठिकाणी सह्या करू लागलो, आणि त्या मोडलेल्या निबाकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

आमच्या शाखेत एकाच नावाचे दोन खातेदार होते. एक निवृत्त मास्तर, दुसरे भुसार व्यापारी. एकदा व्यापाऱ्यांचा चेक मास्तरांच्या खात्यात नावे पडला आणि मास्तरांचा विजेच्या बिलाचा चेक परत गेला. मास्तर तणतणत आले. आम्ही लेजर उघडले, उलट नोंद केली, खाली मी सही केली, मास्तरांना चहा पाजला. प्रकरण मिटले. अशा किती उलट नोंदींखाली माझी सही आहे याची मोजदाद नाही. माणूस चुकणारच हे धरूनच बँकेची सारी व्यवस्था उभी असते. न्यायालयाचीही तशीच असते; म्हणून तर अपील असते. फक्त एका शिक्षेला उलट नोंद नाही.

आपल्या मराठी मुलखाला मृत्युदंड नवा नाही. कडेलोट, हत्तीच्या पायी देणे हे शब्द आपण आजही सहज वापरतो. मात्र मराठी इतिहासातली सर्वांत गाजलेली देहान्ताची शिक्षा कधी अमलातच आली नाही. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले, ही गोष्ट शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. राघोबादादा त्यानंतर दहा वर्षे जगले आणि १७८३ मध्ये कोपरगावी स्वाभाविक मरणाने गेले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. त्याच पुण्यात १८३२ मध्ये इंग्रजांनी उमाजी नाईकांना फाशी दिले. त्यांच्या बाबतीत असा खोळंबा झाला नाही.

इंग्रजांनी १८६० मध्ये भारतीय दंड संहिता केली. तिच्यातले ३०२ कलम इतके घरोघरी पोचले की १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत खुनाच्या शिक्षेचे कलम १०३ झाले, तरी आपल्या तोंडी ‘तीनशे दोन’च आहे. पण मला या कलमापेक्षा त्याच्या शेजारची एक छोटी तरतूद अधिक महत्त्वाची वाटते. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत असे होते की, फाशीस पात्र गुन्हा शाबीत झाल्यावर न्यायाधीशाने फाशी दिली नाही, तर का दिली नाही याचे कारण त्याने लिहावे. फाशी दिली तर असे कारण लिहिण्याची गरज नव्हती. फाशी हा रिवाज, जन्मठेप हा अपवाद.

कर्जाच्या प्रस्तावावर टिपण लिहिणाऱ्या माणसाला या वाक्याचे वजन लगेच कळते. ज्या बाजूला कारण लिहावे लागते, त्या बाजूला हात जड होतो. दुसरी बाजू आपोआप होत जाते.

स्वातंत्र्यानंतर हे पारडे फिरले, पण सावकाश. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४९ मध्ये घटना समितीत, फाशीची शिक्षाच रद्द करणे आपल्याला अधिक पसंत पडेल असे म्हटले होते. ते झाले नाही. १९५५ च्या दुरुस्तीने जुनी कारणाची अट गेली. १९७३ च्या नव्या संहितेने ती उलटी करून परत आणली : आता फाशी द्यायची असेल तर खास कारणे लिहा. ९ मे १९८० रोजी बच्चन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने फाशी घटनेत बसते असे ठरवले, पण ती ‘विरळातल्या विरळ’ प्रकरणातच द्यावी, आणि गुन्ह्याइतकाच गुन्हेगाराचाही विचार करावा, असे बजावले. न्यायमूर्ती भगवती एकटे विरोधात होते. एका न्यायाधीशाला जे विरळ वाटेल ते दुसऱ्याला वाटेलच असे नाही, मग माणसाचा जीव खंडपीठाच्या रचनेवर अवलंबून राहील, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता.

मी तेव्हा विशीत होतो आणि मला भगवतींचे म्हणणे पटले नव्हते, हे कबूल केले पाहिजे. जोशी-अभ्यंकर खून खटल्याच्या छायेत वाढलेला मी पुणेकर. १९७६-७७ च्या त्या दिवसांत तिन्हीसांजेलाच दाराला कडी लागायची आणि दुधवाल्यालाही नाव विचारल्याशिवाय आई दार उघडत नसे. दहा माणसे मारणाऱ्या चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली, तेव्हा आमच्या वाड्यात सगळ्यांनाच हायसे वाटले. मलाही वाटले. आजही त्या चौघांबद्दल माझ्या मनात कळवळा नाही. ज्याचे माणूस गेले आहे त्याला कोणी दयेवर व्याख्यान देऊ नये.

माझे मत बदलले ते दयेने नव्हे, हिशेबाने.

राजस्थानातल्या एका माणसाला मे १९९६ मध्ये फाशी झाली. त्याच्या निकालात न्यायालयाने म्हटले होते की शिक्षा ठरवताना गुन्हा पाहायचा, गुन्हेगार नव्हे. हाच दाखला धरून पुढे आणखी काही जणांना फाशी सुनावली गेली. १९८० च्या घटनापीठाने जे सांगितले होते, त्याच्या हे सरळ विरुद्ध होते. मे २००९ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाने तसे मान्य केले. चूक सापडली, कागदावर आली. आमच्या लेजरमध्ये असते तर संध्याकाळपर्यंत दुरुस्त झाली असती.

दुसरे प्रकरण आपल्याच घरचे. जून २००३ मध्ये नाशिकजवळ मळ्यावर राहणाऱ्या एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच जण मारले गेले, बलात्कार झाले. गुन्हा इतका अमानुष की ‘विरळातला विरळ’ याहून निराळा कोणता, असे कोणीही विचारावे. भटक्या जमातीतल्या सहा गरीब माणसांना पकडले गेले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. तीन पायऱ्या, तीन निकाल, आणि प्रत्येक ठिकाणी कारणे व्यवस्थित लिहिलेली.

मग फेरविचाराची याचिका सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा ऐकली. ५ मार्च २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडले. शिक्षा कमी केली असे नव्हे. गुन्हाच शाबीत नाही. त्या रात्री वाचलेल्या बाईने घटनेनंतर थोड्याच दिवसांत पोलिसांकडच्या फोटोंतून दुसरेच चौघे ओळखले होते, आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. ही गोष्ट पहिल्या दिवसापासून कागदोपत्री होती. सहांपैकी एकजण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षे तुरुंगात गेली, त्यातली बरीचशी फाशीच्या सावलीत. राज्य सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत आणि चुकलेल्या अधिकाऱ्यांवर कारवाई करावी, असा आदेश झाला.

फाशीचे समर्थन करणारे माझे मित्र म्हणतात, बघा, शेवटी न्याय झालाच ना? झाला. पण तो आपल्याकडच्या दिरंगाईमुळे झाला. एरवी या दिरंगाईला आपण दोन शिव्या देतो. २००९ नंतर वर्ष-दोन वर्षांत सारे झटपट उरकले असते, तर २०१९ चे ते निकालपत्र कोणाच्या हातात दिले असते?

विधी आयोगाने १९६७ मध्ये फाशी ठेवा म्हटले होते. २०१५ मध्ये दहशतवादाचे गुन्हे वगळता ती रद्द करा, अशी शिफारस त्याच आयोगाने केली. संसदेने ती स्वीकारलेली नाही. माझ्या मते स्वीकारायला हवी. मृत्यूपर्यंत तुरुंगवास ही काही खिरापत नव्हे, आणि त्या शिक्षेत चूक निघाली तर निदान दार उघडता येते.

त्या सहाजणांबद्दल बोलताना मळ्यावरच्या त्या घराचा मात्र आपल्याला विसर पडतो. सुरुवातीलाच ओळखलेले चौघे सोडून सहा भलत्याच माणसांना धरले गेले, यात त्या घराचीही फसवणूकच झाली. त्या पाच जणांना मारले कोणी, हा प्रश्न २००३ च्या जूनमध्ये होता तसाच २०१९ च्या निकालपत्राच्या शेवटच्या पानावरही उभा आहे.