टंचाईच्या काळातील छत्र

तंजावरहून दक्षिणेस पट्टुकोट्टैकडे जाताना सुमारे २५ किलोमीटरवर ओरत्तनाडु लागते. तेथील मुक्तांबाळ छत्र तंजावरचे राजे दुसरे सरफोजी यांनी इ. स. १८०२ च्या सुमारास आपल्या दिवंगत प्रिय सहचरी मुक्तांबा हिच्या नावे उभारले. काशी-रामेश्वराची वाट चालणाऱ्यांसाठी तंजावरच्या मराठी राजघराण्याने छत्रांची जी मालिका निर्माण केली, तिच्यातील हे एक महत्त्वाचे छत्र होय. हत्ती-घोडे जोडलेल्या रथाचा दगडी आकार, लाकडी कोरीव काम आणि प्रशस्त चौक अशी ही वास्तू पुढे शाळा व विद्यार्थी-वसतिगृह म्हणूनही उपयोगात आली; परंतु तिची पडझड मात्र थांबली नाही.

अशा वास्तूच्या जीर्णोद्धाराचा विषय निघाला की एक आक्षेप हटकून घेतला जातो. नोव्हेंबर २०१८ मधील गजा वादळाने याच परिसरातील नारळाच्या बागा आडव्या केल्या. ज्या प्रदेशातील शेतकरी कावेरीच्या पाण्याकडे डोळे लावून बसतो, तेथे जुन्या भिंतींवर पैसा खर्चणे ही चैन नव्हे काय? आक्षेप प्रामाणिक आहे व तो उडवून लावण्यात अर्थ नाही. तथापि त्याच्या मुळाशी असलेले गृहीत तपासून पाहिले पाहिजे. ते गृहीत असे की, छत्र ही भरल्या तिजोरीची निर्मिती आहे.

वस्तुस्थिती नेमकी याच्या उलट आहे. १७९९ च्या तहाने सरफोजींच्या हातून राज्यकारभार गेला. त्यांच्याकडे तंजावरचा किल्ला, ठरीव नेमणूक आणि मुलखाच्या निव्वळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. मुक्तांबेचे छत्र या संकोचानंतरचे आहे. १८०१ साली रेसिडेंटास लिहिलेल्या पत्रात सरफोजींनी छत्रांची व्यवस्था आपल्याकडेच राहावी म्हणून जे वर्णन केले, त्यात प्रवाशांचे भोजन तर आहेच. शिवाय अध्यापक, वैद्य, अनाथ मुले व गर्भवती स्त्रिया यांचीही तरतूद आहे. ज्यास शिजविलेले अन्न चालत नसे त्यास कोरडा शिधा मिळे. अन्नछत्री जेवून मिरपूड मागणाऱ्यास मराठी म्हण हसते. छत्राच्या नियमांत मात्र याचकाच्या मागणीलाही स्थान होते. त्या व्यवस्थेत जातिभेद पाळला जाई, हे नाकारता येत नाही व जीर्णोद्धाराच्या उत्साहात ते झाकूही नये. परंतु टंचाईत प्रथम कशाला हात लावू नये, याविषयीचा एक निर्णय त्या वास्तूत चिरेबंद झालेला आहे.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकास या प्रश्नाशी आणखी एक कर्तव्य जोडलेले आढळेल. तंजावरच्या मोडी कागदपत्रांत या राजवटीच्या धर्मादायाचे आणि खर्चवेचाचे तपशील आहेत. बृहदीश्वर मंदिरावर १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी लेख जसा भिंतीविना वाचता येत नाही, तशीच छत्राची कागदपत्रेही कोठार, स्वयंपाकघर आणि ओसरी यांच्याविना अर्धीच वाचली जातात. तमिळ भूमीवर मराठीत लिहिलेल्या हिशेबाचे अन्न बहुभाषिक पंगतीस वाढले जात होते. दोन भाषांच्या सहवासाचा असा पुरावा ग्रंथालयात जपायचा आणि रस्त्यावर ढासळू द्यायचा, ही विसंगती होय.

आता खर्चाचा विचार. चुना, वीट व लाकूड यांच्या जुन्या बांधकामाची दुरुस्ती यंत्रापेक्षा हाताने अधिक होते. म्हणून तिच्या खर्चाचा मोठा वाटा मजुरीच्या रूपाने स्थानिक गवंडी-सुतारांकडे जाऊ शकतो. अमेरिकेत महामंदीच्या काळात, १९३३ साली, बेकार वास्तुविशारदांना ऐतिहासिक इमारतींची मोजमापे व आराखडे करण्याचे काम देण्यात आले आणि त्यातून त्या देशाचा अमोल वास्तुसंग्रह उभा राहिला. टंचाई हे तेथे काम थांबविण्याचे नव्हे, तर काम आरंभण्याचे कारण ठरले.

मात्र जीर्णोद्धार म्हणजे रंगरंगोटी करून कुलूप लावणे नव्हे, की धनिक पर्यटकांचे विश्रामधाम करणे नव्हे. १९८२ पासून व्यापक झालेली माध्यान्ह भोजनाची आणि २०२२ पासून सुरू झालेली शाळकरी मुलांच्या न्याहारीची योजना ज्या राज्यात चालते, तेथे छत्राचे प्रयोजन संपले असे कोण म्हणेल? वसतिगृह, वाचनालय, सर्वांस एका पंगतीत वाढणारे भोजनगृह असा त्याचा उपयोग झाला, तर जुन्या संस्थेतील उणीवही भरून निघेल. शेतकऱ्याचे घर की राजाचे छत्र, असा हा प्रश्न मांडणेच मुळी चुकीचे आहे. कारण छत्र राजाने बांधले असले तरी ते कधीच राजाचे घर नव्हते. बेघर वाटसरूस निवारा देण्यासाठीच ते उभे राहिले होते.