दोष स्लॅग सिमेंटचा की घाईचा?

शालींच्या खरेदीसाठी श्रीनगरला माझे बरीच वर्षे जाणे-येणे आहे. गेल्या खेपेस एका व्यापारी मित्राच्या नव्या दुकानाच्या पायऱ्या पाहिल्या. एकाच हिवाळ्यात वरचा थर पापुद्र्यासारखा सुटून आतली खडी उघडी पडली होती. ठेकेदाराने हात झटकले, "स्लॅग सिमेंट थंडीत टिकत नाही." मित्राने मान डोलावली आणि पुन्हा पैसे मोजले. माझ्या मते हा निवाडा अर्धवट आहे.

स्लॅग म्हणजे लोखंडाच्या झोतभट्टीतली मळी. ती पाण्याने झटकन थंड करतात आणि दळून सिमेंटमध्ये मिसळतात. भारतीय मानक ४५५ प्रमाणे तिचे प्रमाण २५ ते ७० टक्के असते. समुद्राच्या खाऱ्या हवेत हे सिमेंट चांगले टिकते, म्हणून आपल्या कोकणात ते उपयोगी. काश्मीरची परीक्षा वेगळी. पाणी गोठले की सुमारे ९ टक्क्यांनी फुगते. २१ डिसेंबरपासून चिल्लई कलानचे चाळीस दिवस सुरू होतात. दिवसा वितळलेले पाणी काँक्रीटच्या छिद्रांत शिरते आणि रात्री गोठून आतून धक्का देते.

यावरचा इलाज अमेरिकेत १९३० च्या दशकातच सापडला. विशिष्ट रसायन घालून काँक्रीटमध्ये हवेचे बारीक बुडबुडे ठेवायचे, म्हणजे गोठणाऱ्या पाण्याला जागा मिळते. आपले मानक ४५६ (सन २०००) अशा ओल्या थंडीत, एम-५० पेक्षा कमी प्रतीच्या काँक्रीटला २० मि.मी. खडी असता सुमारे ५ टक्के हवा सांगते. ही हवा नसेल तर साध्या सिमेंटचे कामही फुटते.

मग स्लॅग अगदी निर्दोष आहे का? तसेही नाही. थंडीत ते सावकाश घट्ट होते. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस ओलावा लागतो, मिश्र सिमेंटला किमान १० दिवस. थंडीत ऊबही राखावी लागते. शिवाय स्लॅग फार असेल आणि बर्फ वितळवायला मीठ टाकले, तर हवा असूनही वरचा थर सोलतो. म्हणून अमेरिकेच्या ए.सी.आय. ३१८ नियमाने मीठ पडणाऱ्या जागी स्लॅगला ५० टक्क्यांची मर्यादा घातली आहे.

मित्राकडे चौकशी केली. काम नोव्हेंबरअखेर उरकलेले, पाणी तीनच दिवस मारलेले, हवेचे रसायन कोणी ऐकलेले नाही, आणि नोकर रोज पायऱ्यांवर मीठ टाकत होता. यात सिमेंटचा गुन्हा किती?

आमच्या धंद्यात रंग पक्का होण्याआधी थान विकले आणि रंग उतरला, तर दोष सुताला देत नाहीत. थंड मुलखात बांधकाम करणाऱ्या बंधूंनी करारात चार गोष्टी लिहून घ्याव्यात : स्लॅग किती, हवा किती, ओलावा व ऊब किती दिवस, आणि गोठण सुरू होण्यापूर्वी काम संपण्याची तारीख. गोणीमागे चार पैसे वाचवून पायऱ्या दोनदा बांधणे, याला व्यापार म्हणत नाहीत.