रेडिएटर आणि पायघोळ पडदा

मुलाकडे इंग्लंड-जर्मनीत हिवाळा काढून आलेले आपल्याकडचे आई-वडील एक तक्रार हमखास करतात : रेडिएटर चालू असायचा, तरी रात्री हुडहुडी भरायची. माझ्या मते दोष बरेचदा पडद्याचा असतो.

गरम पाण्याचा रेडिएटर खिडकीखाली बसवतात तो मुद्दाम. काचेला लागून गार झालेली हवा खाली उतरते; रेडिएटरची ऊन हवा वर चढून तिला अडवते. पण जमिनीपर्यंतचा पडदा त्यावर ओढला, की ही ऊब पडदा आणि काच यांच्यामध्येच कोंडते. त्यात रेडिएटरची आपोआप मिटणारी तोटी पडद्याआड असेल, तर तिला आजूबाजूची हवा तापलेली लागते आणि ती पाणी बंद करते. खोली गारच!

थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, दमेकऱ्यांना धाप लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली थंड प्रदेशातील घरांसाठी १८ अंश सेल्सिअस तापमान सुचवले. वृद्धांना व लहान मुलांना त्याहून अधिक लागू शकते.

पडदा खिडकीच्या कट्ट्यापर्यंतच असावा. लांबच असेल तर रात्री रेडिएटरच्या मागे खोचावा. सुनेच्या घरचे पडदे आखूड करा म्हणायचे कसे, हा संकोच कळतो. पण सत्तरी उलटलेल्यांनी कुडकुडत तो जपू नये.

आपल्याकडचा तारेचा विजेचा हीटर मात्र पडद्यापासून तीन फूट तरी लांब ठेवावा. त्याची लाल तार कापड पेटवू शकते.