नितळ पाणी आणि निर्मळ पाणी

शिरूरकर व दौंडकर यांचें एका गोष्टीविषयीं सहसा दुमत नसतें : पोट बिघडलें कीं दोष पुण्याचा. हा आरोप सर्वस्वीं खोटा आहे असें मी म्हणत नाहीं. पुणें शहराचें सांडपाणी वाहून आणणारी मुळा-मुठा शिरूर तालुक्यांतील रांजणगांव सांडस येथें (गणपतीचें रांजणगांव नव्हे) भीमेस मिळते, आणि दौंड त्या संगमाच्या खालच्या अंगास वसलें आहे. परंतु शिरूर गांव घोडनदीच्या कांठीं आहे. तिला त्या शहराचें पाणी शिवतही नाहीं. कावीळ व विषमज्वर मात्र तेथेंही होतात.

पटकी, विषमज्वर, आमांश, आणि काविळीचे कांहीं प्रकार ह्या सर्वांची वाट एकच आहे. रोग्याच्या विष्ठेंतून निघावयाचें आणि दुसऱ्याच्या मुखांत जावयाचें. सन १८८४ मध्यें रॉबर्ट कॉख ह्या जर्मन पंडितास पटकीचे जंतु कलकत्त्याच्या एका तलावांत सांपडले. आपण ही गोष्ट वर्गांत शिकवितों आणि घरीं जाऊन तांब्या उजेडांत धरून पाहतों. पाणी नितळ दिसलें कीं आपलें समाधान होतें. जंतु डोळ्यांस दिसत नाहींत, हें त्या वेळीं आठवत नाहीं.

नळाचें पाणी तरी निर्भय असेल, असें पुष्कळांस वाटतें. पण ज्या नळास ठराविक वेळींच पाणी येतें, त्याची नळी उरलेला वेळ रिकामी पडते. रिकाम्या नळींत दाब नसतो. मग गटाराशेजारीं ती कोठें फुटली असेल, तेथून बाहेरची घाण आंत ओढली जाते, आणि पाणी सुटतांच पहिल्या हंड्यांत येऊन पडते. पाणी शुद्ध करून सोडणारा निर्दोष, भरणाराही निर्दोष, आणि मूल तापानें फणफणलेलें! विंधन-विहिरीची कथा निराळी नाहीं. शेजारीं संडासाचा खड्डा असला, तर खडकाच्या भेगा दोहोंस जोडतात. मोशेच्या नियमशास्त्रांत (अनुवाद, अध्याय २३) छावणीबाहेर खणून विष्ठा मातीनें झांकावी अशी आज्ञा आहे. आपण मात्र खड्डा व विहीर एकाच अंगणांत खणतों.

जानेवारी २०२५ मध्यें पुण्यांत सिंहगड रस्त्याच्या बाजूस, नांदेड गांवच्या परिसरांत, ‘जीबीएस’ ह्या मज्जातंतूंच्या विकाराचे पुष्कळ रोगी निघाले. कित्येकांच्या विष्ठेंत पोटास बाधणारा कॅम्पिलोबॅक्टर हा जंतु आढळला, आणि संशयाची दृष्टि तेथील विहिरीच्या पाण्याकडे वळली. पोटाच्या दुखण्यानें हातपाय लुळे पडूं शकतात, हें अनेकांस तेव्हांच कळलें.

दुसऱ्याची विहीर दाखविण्यापूर्वीं आपली टाकी दाखविणें बरें. गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेच्या टाकीचें झांकण उघडलें, तेव्हां आंत कबुतराचें पीस आणि तळाशीं बोटभर गाळ होता. आरोग्यशास्त्राचा तास मीच घेतों.

नारूवर लस नव्हती, औषधही नव्हतें. पायऱ्यांच्या विहिरींत रोगी उतरे आणि त्याच्या जखमेंतून अळ्या पाण्यांत पडत. पायऱ्या बंद झाल्या, घरोघरीं पाणी फडक्यानें गाळलें गेलें, आणि २००० सालीं भारत नारूमुक्त ठरला. फडक्यानें काविळीचे वा पटकीचे जंतु मात्र अडत नाहींत. त्यांस खळखळ उकळी किंवा क्लोरीनच पाहिजे. क्लोरीन उरला आहे कीं नाहीं हें ‘ओटी’ चांचणीनें दोन मिनिटांत कळतें. थेंब टाकतांच पाणी पिवळें झालें कीं उरला आहे.

टाकी आतां धुतली आहे. ती धुतल्याची तारीख नळाशेजारच्या भिंतीवर ठळक रंगवावी, आणि ओटीची बाटली नववीच्या मुलांच्या हातीं द्यावी, अशी मुख्याध्यापकांस माझी विनंति आहे. मुलें रोज पाहतील, आणि तारीख जुनी झाली कीं मलाच विचारतील.